आज्जी माझ्यासमोर प्रार्थना करत नाही

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ती ठिकाणं काढलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हा भाग दोन आठवडे उशिरा येतोय. ऑफिसमध्ये रिलीज होतं, आणि रिलीजच्या आठवड्यात माणूस माणसात नसतो हे तुमच्यातल्या निम्म्यांना तरी माहीत असेल. मागे पंख्याचा आवाज येतोय, तो बंद केला तर मी उकडून निघेन, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय गर्व. पगाराचा, गाडीचा, फोनचा गर्व नाही, त्यावर संडे स्कूलपासून ऐकतोय आपण. मी बोलणार आहे धार्मिक गर्वावर. म्हणजे मी उपासनेला जातो, तू जात नाहीस. मी शास्त्र वाचतो, तू फक्त व्हॉट्सॲपवर आलेलं वचन फॉरवर्ड करतोस. तो गर्व. आणि हा विषय मला सुचला नाही, तो माझ्यावर येऊन आदळला, तेही आईच्या स्वयंपाकघरात, कांदा चिरता चिरता.

सुरुवात एका आकड्यापासून करतो. 407. माझ्या बायबल ॲपवरची स्ट्रीक. सलग 407 दिवस मी एकही दिवस न चुकवता वाचन केलं होतं. त्यातले काही दिवस खरं सांगायचं तर रात्री 11 वाजून 56 मिनिटांनी, डोळे मिटत असताना, नुसतं पान खाली सरकवून ‘वाचलं’ वर बोट दाबलं होतं. पण स्ट्रीक ती स्ट्रीक. चारशे दिवस झाले तेव्हा मी त्याचा स्क्रीनशॉट आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सगळा गौरव प्रभूला.’ आता विचार करा, सगळा गौरव प्रभूलाच द्यायचा होता तर स्क्रीनशॉट कशाला टाकला? प्रभूला माझी स्ट्रीक माहीत होतीच की. त्याला नोटिफिकेशन लागत नाही.

असो. आता आज्जीकडे येतो.

माझी आज्जी ऐंशी पार आहे. नगरला असते, आईपप्पांबरोबर. शाळेत गेलेली नाही. आम्ही प्रोटेस्टंट, पण आज्जीचं माहेर श्रीरामपूरच्या बाजूचं आणि कॅथलिक. लग्न करून ती आमच्या मंडळीत आली, इथलीच झाली. तिलकांची गाणी तिला पुस्तक न उघडता येतात, कारण पुस्तक उघडून उपयोगच नव्हता. पण माहेरची एक गोष्ट तिनं सोडली नाही, ती म्हणजे हरेगावची यात्रा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे, तिथे मतमाउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं, मरियेचं मोठं स्थान आहे. सप्टेंबरमध्ये यात्रा भरते. कॅथलिक येतात, प्रोटेस्टंट येतात, आणि हिंदू कुटुंबंही भरपूर येतात. लग्नाआधी आज्जी माहेरच्यांबरोबर बैलगाडीनं जायची. नंतर जमेल तसं, एसटीनं.

दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली, मी पुण्याहून घरी गेलो. आत्या आली होती, आज्जीच्या माहेरचा एक भाचा आला होता. घर भरलेलं. जेवायला बसलो, आज्जीनं नेहमीप्रमाणे प्रार्थना केली. तिची प्रार्थना म्हणजे अख्खी गल्ली. शेजारच्या काकूंचा गुडघा, कुणाची तरी नोकरी, शेळी व्यायलीय तिचं करडू, मला पुण्याला सोडणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर, सगळे त्यात. भाजी थंड होते पण कुणी काही बोलत नाही. शेवटी ती म्हणाली, माउलीच्या नावानं. आणि आमेन झाल्या झाल्या माझ्याकडे बघून म्हणाली, ‘यंदा हरेगावला नेशील का रं गाडीनं?’

मी काय करावं? ‘नेतो की’ एवढंच म्हणायचं होतं.

मी फोन काढला. ॲप उघडलं. निर्गमचा विसावा अध्याय काढला आणि सगळ्यांसमोर, तिच्या भाच्यासमोर, आज्जीला समजावून सांगितलं की प्रार्थना येशूच्या नावानं करायची असते, माउलीच्या नाही. मूर्तीपुढे मेणबत्ती लावणं शास्त्रात कुठे बसतं ते दाखव म्हणालो. आवाज चढवला नाही हं. उलट फार शांतपणे, हसून बोललो. आम्ही कोड रिव्ह्यूमध्ये ज्युनियरला बोलतो ना, ‘हे असं का केलंयस, जरा समजावशील?’, त्या आवाजात. तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असतो, ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारा.

आज्जी म्हणाली, ‘बरं बाबा.’ आणि वाटीत आमटी वाढली.

त्या वर्षी ती हरेगावला गेली नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, एकाला तरी सत्य कळलं. पुढे जेव्हा जेव्हा घरी गेलो तेव्हा जेवताना आज्जी म्हणायची, ‘तू कर प्रार्थना, तुला चांगली येती.’ आणि मी करायचो. नीट रचलेली, वचनं घातलेली. मला वाटायचं, बघा, नातवाचा आत्मिक अधिकार आज्जीनं मान्य केला. हसू नका, खरंच असं वाटायचं. सहा-सात महिने मी या समजात होतो.

मग एका रविवारी आई कांदा चिरत होती, मी स्ट्रीकचं काहीतरी सांगत होतो, 407 झाले म्हणून. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तू नसलास की आज्जी करते प्रार्थना. तू आलास की करत नाही. भीती वाटते तिला, चुकंल म्हणून.’

बास. एवढंच. परत कांदा चिरायला लागली.

साठ-सत्तर वर्षं जी बाई देवाशी बोलतेय, तिला देवाशी बोलताना माझी भीती वाटायला लागली होती. मी तिच्या आणि देवाच्या मध्ये जाऊन बसलो होतो, हातात फोन घेऊन.

त्या दिवशी मी लूकच्या अठराव्या अध्यायातला तो दाखला वाचला, परूशी आणि जकातदाराचा. तुम्हाला पाठ असेल. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच. आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. जकातदार लांब उभा राहतो, वर बघत नाही, छाती बडवून दया मागतो. येशू म्हणतो, हा दुसरा नीतिमान ठरून घरी गेला.

लहानपणापासून आपल्या डोक्यात परूशी म्हणजे व्हिलन. नाटकात त्याला मोठी दाढी आणि वाकडं तोंड द्यायचो आम्ही. पण ज्यांनी हा दाखला पहिल्यांदा ऐकला त्यांच्यासाठी परूशी हा आदर्श माणूस होता. मोशेच्या नियमशास्त्रात सगळ्यांना बंधनकारक असा उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. हा गडी आठवड्यातून दोन करतोय. म्हणजे वर्षाला शंभराच्या वर! आणि जकातदार? तो रोमी सत्तेसाठी स्वतःच्याच लोकांकडून पैसे वसूल करणारा, वर आपला हिस्सा काढणारा माणूस. लोकांचा त्याच्यावरचा राग अगदी बरोबर होता. परूशी खोटं एक अक्षर बोलत नाहीये. त्याचा डेटा करेक्ट आहे.

मग चुकलं कुठे? मी वाचत होतो आणि मला एक जागा दिसली जी आधी दिसली नव्हती. प्रार्थना करताना त्याची नजर बाजूला गेली. देवाशी बोलता बोलता त्यानं शेजारी कोण उभं आहे हे बघून घेतलं. त्याला स्वतःचं मोजमाप काढायला जकातदार लागतो. तो बाजूला नसता तर त्याच्या प्रार्थनेचं पहिलं वाक्यच तयार झालं नसतं. सकाळच्या स्टँडअपमध्ये काही लोक असतात बघा, स्वतःचं काम सांगताना ‘माझ्याकडून झालंय, त्याच्याकडून ब्लॉक आहे’ म्हणणारे. परूशी देवासमोर स्टँडअप देत होता.

आणि मी त्या काळात डायरी लिहायचो, अजूनही लिहितो. मागची पानं चाळली. ऑगस्टच्या त्या आठवड्यात लिहिलंय, प्रभू, माझ्या घरच्यांचे डोळे उघड. माझ्या डोळ्यांबद्दल त्या पानावर काही नाही.

या दाखल्यात अजून एक खड्डा आहे आणि त्यात आपण सगळे पडतो. दाखला ऐकून झाला की मनात काय येतं? बरं झालं, मी त्या परूशासारखा नाही. झालं! परत पहिल्या ओळीवर आलात. हा लूप आहे, आणि त्यातून बाहेर पडायची कंडिशन बाहेरून लिहिता येत नाही. मी पण आत्ता हा एपिसोड करतोय, माझी चूक कबूल करतोय, आणि मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणतंय, वा, किती प्रांजळ आहेस तू. नम्रतेचा पण स्क्रीनशॉट निघतो.

आता माझ्यावरून आपल्या सगळ्यांवर येतो. चिडू नका. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण 10 लाख 80 हजार. राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. आणि या एक टक्क्यात आपण किती पाट्या लावल्यात! आम्ही जुन्या मिशनचे, तुम्ही नवीन. आम्ही दगडी चर्चवाले, तुम्ही हॉलवाले. हॉलवाले म्हणतात, तुमच्या दगडात आत्मा नाही. कॅथलिकांना वाटतं प्रोटेस्टंट म्हणजे घरातून पळून गेलेलं पोर, प्रोटेस्टंटांना वाटतं कॅथलिकांनी बायबल उघडलेलंच नाही. हे दुसरं मी वीस वर्षांचा होईपर्यंत मनापासून मानायचो. मग कळलं की फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ‘सुबोध बायबल’, आणि त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्यांनी बायबल उघडलं नाही असं मी म्हणायचो, त्यांच्यातला एक माणूस ते माझ्याच भाषेत माझ्या हातात देऊन गेला.

एकत्र यायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, असे एकमेकांचा बाप्तिस्मा कसा व्हावा यावर न पटणारे लोक एका टेबलावर बसले. वर्षानुवर्षं बोलणी चालली होती. पण कागद एक झाला तरी चहाच्या वेळी अजून विचारतात, तुम्ही मूळचे कुठल्या मिशनचे?

आणि मूळ म्हटलं की जात आलीच. हे आपण स्टेजवरून बोलत नाही, पण इथे बोलू. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांची मुळं महार आणि मांग समाजात आहेत. आमच्याही. आजोबांचे आजोबा बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्तात आले ते तिथून, जिथे त्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. आणि आज त्यांची नातवंडं-पतवंडं सोयरीक जुळवताना हळू आवाजात विचारतात, ते तसे ख्रिस्ती आहेत पण... मूळचे कोण? मी स्वतःच्या घरात ऐकलंय हे. विचारणारे रविवारी माझ्याच बाकावर बसतात.

अजून एक, हे मलाच लागू होतं. ख्रिस्ती मराठी लोकांबद्दल अभिमानानं सांगायचं म्हटलं की आपण कुणाची नावं घेतो? नारायण वामन तिलक, पंडिता रमाबाई. दोघंही ब्राह्मण घरातले. ज्या शिक्षकांनी, प्रचारकांनी, गावोगाव चालत जाणाऱ्या बायबल बायांनी खेड्यांत मंडळ्या उभ्या केल्या, त्यांची नावं आपल्याला येत नाहीत. मला येत नाहीत. आणि आता मी परत तिलकांच्याच घरी चाललोय उदाहरण द्यायला. पण उदाहरण चांगलं आहे, त्यामुळे जातो.

लक्ष्मीबाई तिलकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंय का? नसेल तर वाचा, ऑडिओ मिळालं तर ऐका, पण टाळू नका. नारायण वामन तिलकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंचं आयुष्य उलटंपालटं झालं, पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मग परत एकत्र राहायला लागल्या, पण सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, दुसऱ्याच्या हातचं चालणार नाही. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. आजच्या वेब सीरिजलाही हा सेटअप जमणार नाही.

मला त्यातलं जे फार आवडतं ते म्हणजे क्रम. त्यांनी आधी बाप्तिस्मा घेऊन मग जात सोडली असं झालं नाही. आधी त्या विचार करत बसल्या की ही वरची-खालची माणसं देवानं केली की माणसानं? आणि एकदा उत्तर मिळालं की माणसानं केलीत, तेव्हा कुणाच्याही हातचं खायला प्यायला लागल्या. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. म्हणजे गर्व आधी गेला, धर्म मागून आला. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं, धर्म येतो आणि जुना गर्व नवीन कपडे घालून त्याच घरात राहतो.

आणि त्यांची लिहिण्याची पद्धत. ज्या तिलकांना आपण मंडळीत जवळजवळ संत करून ठेवलंय, ते त्या पुस्तकात रागीट आहेत, विसरभोळे आहेत, घरात पैसे नसताना पैसे वाटून टाकणारे आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्यावर हसतात आणि त्याहून जास्त स्वतःवर हसतात. आपण ज्या साक्षी देतो मंडळीत, ‘मी पूर्वी फार वाईट होतो, आता बघा’, तसलं काही नाही. स्वतःवर हसणाऱ्या माणसाला गर्व चिकटायला जागा कमी सापडते असं मला ते वाचताना वाटलं.

आता मात्र एक उलटी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हा एपिसोड धोकादायक होईल.

‘तू गर्विष्ठ आहेस’ हे वाक्य कोण कुणाला बोलतं, हेही बघावं लागतं. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये, वाँटेज नावाच्या गावी बाप्तिस्मा घेतला, मुलगी मनोरमेसह. तिथल्या सिस्टरांबरोबर त्या राहत होत्या. पण त्या प्रश्न विचारायच्या. एखादं मत शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, मग मानते. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, ती भाषा ना माझ्या लोकांना येते ना मला, संस्कृत का नको? मांस खात नव्हत्या, ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या जवळच्या सिस्टर जेराल्डीन यांना या सगळ्यात अहंकार दिसला, जातीचा जुना ताठा दिसला. दोघींची पत्रं उपलब्ध आहेत. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला.

आता सांगा, गर्व कुणाचा? पंचवीस वर्षांची, आईवडील गेलेली, नवरा गेलेला, परक्या देशात तान्हं पोर घेऊन राहणारी बाई प्रश्न विचारते, तर ती गर्विष्ठ. आणि तिला गप्प बसायला सांगणारे नम्र? मला तरी तसं वाटत नाही. तीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये विधवा आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये राहिली, आणि शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घातली. 1922 मध्ये त्या गेल्या, भाषांतर 1924 मध्ये छापून आलं.

म्हणून सांगतो, ऐकणाऱ्या मुलींनो खास करून, मंडळीत कुणी तुम्हाला ‘नम्र राहा’ म्हणालं की आधी बघा, ते तुम्हाला येशूसारखं व्हायला सांगतायत की फक्त गप्प बसायला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या आज्जीला मी जे केलं ते दुसरं होतं, फक्त त्यावर वचनाचं स्टिकर होतं.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. आपण नेहमी धुणाऱ्याबद्दल बोलतो, पण तिथे अडून कोण बसतो? पेत्र. तो म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला केवढी नम्रता! पण मला आता वाटतं तो पण एक प्रकारचा ताठाच आहे. द्यायला आपण तयार असतो, घ्यायला नाही. माझं तेच होतं. आज्जीला मी शिकवणार, आज्जीसाठी मी प्रार्थना करणार, आज्जीला मी सत्य दाखवणार. आज्जीकडून मला काही मिळेल ही शक्यताच माझ्या आर्किटेक्चरमध्ये नव्हती. त्या लांबलचक प्रार्थनेत ती माझ्या एसटीच्या ड्रायव्हरसाठी मागायची. मी 407 दिवसांत एकदाही कुठल्या ड्रायव्हरसाठी काही मागितलं नव्हतं.

मग मी काय केलं? फार काही नाही. स्ट्रीक तोडली. मुद्दाम एक दिवस ॲप उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शून्य दिसलं तेव्हा पोटात खरंच दुखलं, यावरून कळलं की ती कशाची भक्ती होती. आता घरात एक छापील बायबल आहे, पप्पांचं जुनं, ते वाचतो. कधी वाचतो, कधी राहतं. कुणाला सांगत नाही. म्हणजे आत्ता सांगितलं, पण तुम्ही समजून घ्या.

आणि गेल्या सप्टेंबरला आज्जीला म्हटलं, चल हरेगावला.

तिनं दोनदा विचारलं, ‘तू येणार?’ मी म्हटलं, गाडी मीच चालवणार आहे, न येऊन कसं चालेल.

गाडी लांब लावावी लागली. तिथून चालत. आज्जी माझा दंड धरून, दर पन्नास पावलांवर थांबत. गर्दी म्हणजे गर्दी. पिपाण्या, रेवड्या, मेणबत्त्यांचे ढीग, माइकवरून मराठी प्रार्थना. खरं सांगतो, मला अवघडल्यासारखं होत होतं. मूर्तीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मी मेणबत्ती लावली नाही. नम्र व्हायचं म्हणजे आपलं मत गिळून टाकायचं असं मी मानत नाही, आणि कुणी मानावं असंही मला वाटत नाही. आज्जीनं मला लाव म्हटलंही नाही. ती म्हणाली, ‘धर जरा पिशवी. आन् चपला पण धर, इथं हरवत्यात.’

मी तिच्या चपला हातात घेऊन अर्धा तास उभा होतो. शेजारी कपाळाला कुंकू लावलेल्या एक बाई होत्या, त्यांच्या हातात पण कुणाच्या तरी चपला होत्या. त्यांनी विचारलं, आई का? म्हटलं, आज्जी. त्या म्हणाल्या, माझी सासू.

परत येताना गाडीत म्हटलं, आज्जी, त्या पंधरा ऑगस्टला मी चुकलो. तुला सगळ्यांसमोर बोललो.

ती बराच वेळ खिडकीबाहेर उसाकडे बघत होती. मग म्हणाली, ‘तू शिकलेला. तुझं बरोबर बी आसंल. पण भाच्यासमोर नव्हतं बोलायचं.’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘माहेरचं माणूस होतं ते.’ मी परत हो म्हटलं. याच्यापुढे तिनं तो विषय काढला नाही, मी पण नाही.

रात्री घरी जेवायला बसलो. मी काही बोललो नाही, डोळे मिटून बसलो. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आई पण थांबली. मग आज्जीनं सुरू केलं, अगदी हळू, पुटपुटल्यासारखं. मला सगळं ऐकू आलं नाही. शेळीचं काहीतरी होतं.

बरं, आजच्यापुरतं एवढंच. पुढचा भाग पंधरा दिवसांनी, रिलीज नसलं तर. सलाम.